रेघ कुठून गेली

समजा, लक्सेट्टीपेटमध्ये एक घर आहे. मागे विहीर, पुढे ओटा, आणि चार पिढ्यांच्या बायका त्याच ओट्यावर बसून तांदूळ निवडत आलेल्या. पणजीला कुणी विचारलं असतं, बाई तुमचा जिल्हा कोणता, तर ती म्हणाली असती, एलगंदल. तिच्या सुनेनं सांगितलं असतं, आदिलाबाद, पण जिल्ह्याचं ठाणं आसिफाबादला. पुढच्या सुनेनं आदिलाबाद, आंध्र प्रदेश असं लिहिलं असतं. आणि आजची नात शाळेच्या फॉर्मवर लिहिते, मंचेरियल, तेलंगणा. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद राज्य आलं आणि तेही गेलं, एक मोठं राज्य झालं, त्याचे दोन झाले. ओटा मात्र वीतभरही सरकला नाही.

आपण बायका या विषयाकडे फारसं बघत नाही. जिल्हा, तालुका, सीमा म्हणजे पेपरातलं, पुरुषांनी चहा पिताना बोलायचं. शाळेत नद्या आणि जिल्हे पाठ केले, परीक्षा झाली, विसरलो. पण माहेरच्या शेतात लेकीचा वाटा आहे की नाही, एका दाखल्यासाठी किती तास बसमध्ये बसायचं आणि तो दाखला हातात आल्यावर आपल्याला वाचता येतो का, हे सगळं नकाशावरची रेघ कुठून गेली त्यावर ठरत आलंय. म्हणून हा लेख.

आधी जमीन बघू. जुना, एकत्र आदिलाबाद जिल्हा होता 16,128 चौरस किलोमीटरचा. उत्तरेला पैनगंगा, मग ती ज्या वर्धेला मिळते ती वर्धा, पूर्वेला वर्धा आणि वैनगंगा एक होऊन झालेली प्राणहिता, आणि दक्षिणेला गोदावरी. तीन बाजूंनी पाणी, पश्चिमेला नांदेडच्या अंगाला तेवढी कोरडी वाट. इतका नद्यांनी बांधलेला जिल्हा क्वचित असेल. नकाशा काढणाऱ्याला वाटावं, देवानंच हद्द आखून दिली, आपण फक्त शाई फिरवायची.

पण आतून बघितलं तर हा एक जिल्हा कधीच नव्हता. वायव्येकडून आग्नेयेकडे डोंगराची रांग जाते, सागवानाचं जंगल घेऊन. रांगेच्या पश्चिमेला काळी कसदार जमीन, कापूस, आणि नागपूरकडे जाणारा मोठा रस्ता. तिथला व्यापारी भाव विचारायचा तो नागपूर-यवतमाळचा. रांगेच्या पूर्वेला प्राणहिता-गोदावरीचं खोरं, आणि त्या खोऱ्याच्या पोटात कोळसा. 1929 मध्ये काझीपेट ते बल्लारशा रेल्वे पुरी झाली आणि मद्रास-दिल्ली सरळ रुळांनी जोडलं गेलं, तेव्हा या पूर्व भागाचं नशीब बदललं. बेल्लमपल्ली, मंदमर्री, श्रीरामपूर इथल्या खाणी, सिरपूरचा कागद कारखाना, मंचेरियलचा सिमेंट कारखाना हे सगळं त्या रुळांच्या आधारानं उभं राहिलं. मंचेरियल त्याआधी लक्सेट्टीपेट तालुक्यातलं एक गाव. रेल्वेनं त्याला तालुक्यापेक्षा मोठं केलं.

आता गंमत बघा. आदिलाबादलाही रेल्वे आहे, पण ती मुदखेडहून किनवटमार्गे येते. म्हणजे मंचेरियलच्या माणसाला आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्याला रेल्वेनं जायचं झालं तर त्यानं आधी दक्षिणेला काझीपेट, मग सिकंदराबाद, तिथून निजामाबाद, मग महाराष्ट्रात शिरून मुदखेड, किनवट, आणि मग परत आपल्या राज्यात आदिलाबाद! कुणी जात नव्हतं अर्थात. बसनं जन्नारम, उटनूर, इंद्रवेल्ली करत जायचं, जंगलातून, दीडशे किलोमीटरच्या आसपास. सकाळची बस पकडली तरी साहेब जेवायला उठायच्या आत पोचू याची खात्री नाही. आणि साहेब त्या दिवशी नसले तर मुक्काम. एकटीदुकटी बाई हा प्रवास करीत नसे. तिचं काम नवरा, दीर, भाऊ कुणीतरी करायचा, आणि करायचा नाही तेव्हा ते राहून जायचं. विधवेचं पेन्शन, जातीचा दाखला, शेताच्या नोंदीतली दुरुस्ती, अशी किती कामं त्या दीडशे किलोमीटरमध्ये अडकून राहिली असतील याचा हिशेब कुठल्या कचेरीत ठेवलेला नाही.

असा जिल्हा झाला तरी कसा? निजामाच्या राज्यात पूर्वी वसुली मक्त्यानं चालायची. सालारजंग दिवाण झाले, त्यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडून त्यावर पगारी अधिकारी नेमले. आपण ज्याला कलेक्टर म्हणतो त्याला तिथे अव्वल तालुकदार म्हणत. आपल्या भागाला मात्र पुरा जिल्हाही केलं नव्हतं. सिरपूर-तांडूर नावाचा एक उपजिल्हा होता, त्यात एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे तालुके. जंगल फार, वसुली कमी, मग मोठा साहेब कशाला, असा तो हिशेब. (एदलाबाद म्हणजेच आदिलाबाद. जळगावकडे एक वेगळं एदलाबाद होतं, त्याचं आता मुक्ताईनगर झालंय. दोन्हींची गल्लत करू नये.)

1905 मध्ये या उपजिल्ह्याचा पुरा जिल्हा झाला. त्यासाठी शेजाऱ्यांकडून तुकडे घेतले. चेन्नूर आणि लक्सेट्टीपेट एलगंदलकडून आले, निर्मळ इंदूर म्हणजे निजामाबादकडून आलं. चेन्नूर-लक्सेट्टीपेटच्या लोकांना तोवर करीमनगरला जायची सवय. गोदावरी ओलांडली की करीमनगर. आता नदी ओलांडायची नव्हती, पण डोंगर ओलांडायचा होता. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या गैरसोयीची सुरुवात इथे झाली. वसुलीची वही पुरी करायला गोदावरीचं खोरं डोंगरापलीकडच्या मुलखाला जोडलं गेलं.

ठाणं काही वर्षं आसिफाबादला होतं. आसिफाबाद म्हणजे जुनं जनगाव, निजामाच्या घराण्यावरून नाव बदललेलं. ते निदान आपल्या बाजूला पडत होतं. 1941 मध्ये ठाणं आदिलाबादला गेलं ते गेलंच.

याच सुमारास त्या डोंगरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं, नाहीतर हा इतिहास नुसता कचेऱ्यांचा होईल. जंगल राखीव झालं, गोंड आणि कोलाम लोकांच्या शेतांवरून हद्दीचे दगड रोवले गेले, बाहेरून आलेल्यांच्या नावावर पट्टे चढले. कुमरम भीम हा जोडेघाटचा गोंड पुढारी त्याविरुद्ध उभा राहिला आणि 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. मग सरकारला जाग आली. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला, गोंड असे का चिडले ते शोधायला बोलावलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मार्लवाईला गवती छपराच्या घरात राहिले. तिथे शिक्षकांसाठी शाळा निघाली, पट्टे वाटले गेले. बेट्टी 1987 मध्ये गेली, तिची समाधी मार्लवाईलाच आहे. गोंड बायका तिला अजून आपली मानतात. आणि या कामात एक मराठी नाव आहे, जे आपण वेगळ्याच कारणानं ओळखतो. सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे आणि निजामशाहीचे अभ्यासक म्हणून त्यांची पुस्तकं आपल्या घरांत असतात. हे पगडी हैदराबाद राज्यात अधिकारी असताना आदिलाबादच्या गोंडांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ज्याच्या मुलखात कचेरी थाटायची त्याची भाषा आधी शिकावी, असं वाटणारा अधिकारी तेव्हाही विरळा आणि आताही.

भाषेचा प्रश्न 1956 मध्ये जिल्ह्याच्या अंगावर आला. भाषावार राज्यं झाली, हैदराबाद राज्य तिघांत वाटलं गेलं. आपल्याला ढोबळ माहीत असतं की मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बारीक वाटणी फार थोड्यांना माहीत असते, आणि खरी गोष्ट बारकाव्यात आहे. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातलं फक्त इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला मिळालं. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कलं आदिलाबादला, म्हणजे आंध्र प्रदेशाला गेली. बासरची सरस्वती, जिच्यापुढे मराठवाड्यातली मुलं पाटीवर पहिलं अक्षर गिरवायची, ती अशी रेघेपलीकडे गेली. आजही नांदेड-परभणीच्या आया मुलांना घेऊन तिथे जातात. त्यांना आपण दुसऱ्या राज्यात आलो हे पुष्कळदा दुकानाच्या पाटीवरून कळतं.

सर्कल म्हणजे काही गावांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यात कोणती भाषा बोलणारे जास्त, हे जनगणनेत बघायचं आणि रेघ ओढायची. एका बाजूला मराठी, एका बाजूला तेलुगू. पण ही रेघ ज्या डोंगरातून गेली तिथे घरात ना मराठी बोलली जाते ना तेलुगू. तिथे गोंडी आहे, कोलामी आहे. उटनूरचा गोंड तेलुगू शिकला, किनवटचा आणि राजुऱ्याचा गोंड मराठी शिकला. सोयरीक एकमेकांत, देव एक, जत्रा एक, आणि मुलांची पाठ्यपुस्तकं वेगळ्या लिपीत. मराठी मुलखाला मराठी मिळालं याचा मला आनंदच आहे. पण त्या वाटणीत ज्यांची भाषा मोजलीच गेली नाही त्यांच्याबद्दल आपल्या सभांमधून कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

राजुऱ्याची कथा तर आणखी. तो तालुका आधी नांदेड जिल्ह्याला जोडला. राजुरा कुठे, नांदेड कुठे! चंद्रपूर वर्धा नदीपलीकडे दिसतंय आणि कचेरी नांदेडला. 1959 मध्ये तो चांदा जिल्ह्यात म्हणजे आताच्या चंद्रपुरात घातला. तीन वर्षांत शहाणपण सुचलं, हे त्या मानानं लवकरच म्हणायचं. मंचेरियलला त्यासाठी साठ वर्षं थांबावं लागलं.

आणि काही ठिकाणी रेघ अजून वाळलेलीच नाही. राजुऱ्याच्या पुढे माणिकगडच्या डोंगरात, आताच्या जिवती तालुक्यात, परंडोळी, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशी चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. मराठवाड्यातल्या दुष्काळानं उठून आलेली मराठी माणसं तिथे बरीच. एका घरात दोन राज्यांची रेशन कार्डं, दोन मतदार कार्डं. गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. वर्तमानपत्रं दर निवडणुकीला ही गंमत म्हणून छापतात. गंमत कसली? दोन्हीकडचं रेशन मिळतं, पण कसत असलेल्या जमिनीचा पक्का पट्टा मिळवताना दोन्हीकडे हात टेकावे लागतात. नवरा गेल्यावर शेत आपल्या नावावर करून घ्यायला त्या गावच्या बाईनं कुठल्या तहसीलला जायचं?

इथे मी ज्यासाठी लिहायला बसले त्या गोष्टीवर येते.

लक्सेट्टीपेटजवळ एक शेत आणि राजुऱ्याजवळ एक शेत धरा. दोन्ही एकाच निजामाच्या राज्यात होती, एकाच जिल्ह्यात होती. दोन्ही घरं एकत्र कुटुंबाची, शेत वडिलोपार्जित. 1956 मध्ये हिंदू वारसा कायदा झाला (तो आपल्या जैन घरांनाही लागू आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं). त्यानं मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं मिळणारा हक्क मुलग्यांपुरताच राहिला. आता रेघेचं काम बघा. आंध्र प्रदेशानं आपल्यापुरती दुरुस्ती केली: 5 सप्टेंबर 1985 ला जी मुलगी अविवाहित आहे तिला मुलग्यासारखाच जन्मानं हक्क. महाराष्ट्रानं तशीच दुरुस्ती केली ती 22 जून 1994 पासून, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे 1988 मध्ये लग्न झालेल्या दोन मुली घ्या. लक्सेट्टीपेटची मुलगी भावाच्या बरोबरीची वारस. राजुऱ्याची मुलगी नाही. दोघींच्या आज्या कदाचित एकाच बाजाराला जात असतील. देशभरासाठी हा फरक 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनं मिटवला, आणि वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का या वादावर सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये, नसले तरी चालेल, हक्क जन्माचा आहे, असा निकाल दिला. पण मधल्या वर्षांत वाटण्या झाल्या, शेतं विकली गेली. एका पिढीच्या बायकांचं जे गेलं ते गेलं. 1956 मध्ये दिल्लीत बसून सर्कलं वाटणाऱ्यांच्या मनात लेकीचा वाटा येण्याचं कारणच नव्हतं.

आमच्याकडे रोटीबेटीचे व्यवहार अजून चंद्रपूर, राजुरा, बल्लारशा या बाजूला आहेत. इकडच्या घरात तिकडची सून, तिकडे इकडची लेक. त्यामुळे एकाच स्वयंपाकघरात दोन राज्यांचे कायदे शेजारी बसलेले असतात. नणंदेला जे मिळालं ते वहिनीला नाही मिळालं, यावरून मनंही दुखावली गेली. दोघींचीही चूक नसताना.

हे जगात सगळीकडेच आहे म्हणा. पोलंड हा देश घ्या. तो तर 1795 ते 1918 अशी 123 वर्षं नकाशावरच नव्हता, शेजारच्या तीन सत्तांनी वाटून घेतला होता. पोलंडची आपल्याला ओळख आहे ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पमुळे. 1943 ते 1948 या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित तिथे राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध संपल्यावर त्यांनी घरी जायला हवं होतं. पण अनेकींची गावं पूर्व पोलंडमधली, आणि रेघ पश्चिमेला सरकल्यामुळे ती सोव्हिएत रशियात गेलेली. घर होतं तिथेच, देश निघून गेला. त्यातल्या कितीतरी जणी मग तिसऱ्याच देशात जाऊन राहिल्या.

या देशानं आपले प्रांत कसे पाडले ते वाचताना मला आपलाच जिल्हा आठवत राहिला. तिकडे प्रांताचा शब्दच मुळात सेनेच्या पुढाऱ्यावरून आलाय. 1975 मध्ये तिथल्या सरकारनं मोठ्या प्रांतांचे लहान लहान 49 प्रांत केले आणि मधला जिल्ह्याचा थर काढून टाकला. लहान प्रांत दुबळा असतो, राजधानीचं ऐकतो. 1 जानेवारी 1999 ला उलट केलं. 49 चे 16 मोठे प्रांत झाले, त्यांना लोकांनी निवडलेली सभा दिली, आणि काढलेला जिल्ह्याचा थर परत आणला. ठाण्यांवरून भांडणं तिकडेही झाली. बिदगोश्च आणि तोरुन ही दोन शहरं एका प्रांतात आली, दोघांनाही मान हवा. तोड अशी काढली की सरकारनं नेमलेला अधिकारी एका शहरात आणि लोकांची निवडलेली सभा दुसऱ्यात. आदिलाबाद आणि आसिफाबादच्या भांडणात 1941 मध्ये असं काही कुणाला सुचलं असतं तर!

आपण मात्र दुसऱ्या वाटेनं गेलो. 1985 मध्ये एन. टी. रामारावांच्या सरकारनं तालुके मोडून लहान मंडलं केली, एकट्या आदिलाबादची 52. हे काम चांगलं झालं. तहसील तीस-चाळीस किलोमीटरवरून दहा-पंधरावर आली, बाई सकाळी जाऊन दुपारी स्वयंपाकाला परत येऊ लागली. मग 2014 मध्ये तेलंगणा झाला, आणि 11 ऑक्टोबर 2016 ला, दसऱ्याच्या दिवशी, दहा जिल्ह्यांचे एकतीस झाले. 2019 मध्ये आणखी दोन, आता तेहतीस. आदिलाबादचे चार झाले: आदिलाबाद, निर्मळ, कुमरम भीम आसिफाबाद आणि मंचेरियल. एके काळी ज्याला मारलं त्याच्याच नावानं सरकारी जिल्हा झाला, हे त्यातलं मला सर्वांत आवडलेलं.

मंचेरियल जिल्ह्याची मंडलं 18, महसुली विभाग दोन, मंचेरियल आणि बेल्लमपल्ली. 2011 च्या जनगणनेप्रमाणे या हद्दीतली वस्ती आठ लाखांच्या थोडी वर. दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला प्राणहिता आणि तिच्यापलीकडे गडचिरोलीचं सिरोंचा. तेही एके काळी निजामाचंच होतं. 1860 च्या तहात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा तो मुलूख इंग्रजांनी घेतला म्हणून आज तो महाराष्ट्रात आहे. चेन्नूरहून सिरोंचाला आता पुलावरून जाता येतं. 2022 च्या प्राणहिता पुष्करमला इकडच्या अर्जुनगुट्टाच्या घाटावर आणि तिकडच्या सिरोंचाच्या घाटावर बायका एकाच पाण्यात उभ्या होत्या. आणि मेडीगड्डाचं धरण झाल्यावर फुगलेल्या पाण्यात शेतंही दोन्ही काठांची गेली, सिरोंचाची तशी चेन्नूर-कोटपल्लीची. नुकसानभरपाईचे अर्ज मात्र दोन राज्यांत, दोन भाषांत.

नवा जिल्हा झाल्याचा फायदा खरा आहे. कलेक्टर ऑफिस रिक्षानं जाण्याइतकं जवळ आलं. पण त्याची एक दुसरी बाजू शाळांमधल्या बाईंनी भोगली. जिल्हे वाढले म्हणून नोकऱ्यांचेही भाग पाडले. मंचेरियल आणि आसिफाबाद कालेश्वरम झोनमध्ये, आदिलाबाद आणि निर्मळ बासर झोनमध्ये. डिसेंबर 2021 मध्ये सरकारी आदेश क्रमांक 317 निघाला, आणि जुन्या एकाच जिल्ह्यात लागलेल्या शिक्षिकांना ज्येष्ठतेप्रमाणे नव्या जिल्ह्यांत वाटलं गेलं. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्यात, अशा कितीतरी जोड्या झाल्या, मोर्चे निघाले, काहींच्या बदल्या मागाहून सुधारल्या. जिल्हा लहान झाल्यानं कचेरी जवळ आली आणि घर लांब गेलं. पोलंडमध्ये काय, इथे काय, एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो: रेघ ओढताना विचारलं कुणाला? त्यांच्या मोठ्या प्रांताला निदान निवडलेली सभा आहे. आपल्या जिल्ह्याला कलेक्टर नेमला जातो.

भाषेचं सांगायचं राहिलं. मंचेरियलच्या कचेरीत काम तेलुगूत चालतं, आणि ते योग्यच आहे. इथे राहायचं तर तेलुगू यायलाच हवं, आणि आमच्या घरांत ते येतंही. अडचण कागदाची. लग्न होऊन आलेल्या सुनेचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत. तो एका कचेरीत दिला तेव्हा तिथल्या माणसानं उलटा धरून बघितला आणि भाषांतर करून आणा म्हणाला. भाषांतर करणारा शिक्का मारायचे पैसे घेतो. आणि मग ‘जिल्हा’ या रकान्यापाशी गाडी अडते, कारण तिच्या आईच्या कागदावर जिल्हा आदिलाबाद आहे, तिच्या स्वतःच्या कागदावर चंद्रपूर, आणि गाव एकच. माणूस विचारतो, तुम्ही मग आमच्या का त्यांच्या?

या प्रश्नाला एक जुनं उत्तर गोदावरीच्या दक्षिणेला आहे. करीमनगर जिल्ह्यात कुरिक्यालाजवळ बोम्मलगुट्टा नावाचा डोंगर आहे. दहाव्या शतकात, वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या काळात, तिथल्या कातळावर तीर्थंकरांच्या आणि चक्रेश्वरीच्या मूर्ती कोरल्या, आणि खाली लेख खोदला जिनवल्लभानं, कन्नड आदिकवी पंपाच्या धाकट्या भावानं. तो लेख संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत आहे. त्यातलं तेलुगू पद्य फार जुन्या तेलुगू पद्यांपैकी मानतात. एकाच दगडावर तीन भाषा लिहिताना त्याला आपण कुणाच्या हद्दीत आहोत असा प्रश्न पडलेला दिसत नाही. आपल्या समाजाच्या सहली कुलपाकजीला जातात, तिथून हा डोंगर फार लांब नाही. एकदा बघून यावा.

आणि ज्यांची माहेरची जमीन जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात होती त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. वाटणी होण्याच्या दोनच वर्षं आधी, 1954-55 मध्ये, हैदराबाद राज्यात शेतोशेतची पाहणी होऊन नोंद केली गेली. तिला खासरा पाहणी म्हणतात. किनवट-राजुऱ्यातही तीच, मंचेरियल-चेन्नूरलाही तीच, नमुना एक, रकाने एक. शेत कुणाच्या नावे, कसतं कोण, हे त्यात आहे. हक्काचा वाद निघाला की रेघेच्या दोन्ही बाजूंचे वकील आजही आधी तोच कागद मागतात. तुमच्या माहेरचा तो आहे का बघा, नसला तर तहसीलमध्ये नक्कल मागा. त्याआधीचे कागद पुष्कळदा उर्दूत असतात. मंचेरियलला जुन्या मशिदीच्या बाजूला ते वाचून देणारं कुणीतरी अजून भेटतं, पण माणसं म्हातारी होत चाललीत, तेवढं काम लवकर करून घ्या.